गणपतीची सुट्टी आणि आठवीचा पट

सौदीत नोकरी करणाऱ्याची सुट्टी गावात सुरू होत नाही, कंपनीच्या एचआरच्या टेबलावर सुरू होते. २०२५च्या गणपतीला गावी जायचं, घरच्यांबरोबर राहायचं आणि दहावीला पंचवीस वर्षं झाली म्हणून वर्ग एकत्र करायचा, असं सगळं मला एकाच सुट्टीत बसवायचं होतं. बरंचसं बसलं. कसं ते लिहून ठेवतो, कारण आता २००१ची बॅच हेच करणार आहे आणि त्यांच्यातले दोघं-तिघं आत्तापासून फोन करून विचारतायत.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. मी सौदीतल्या जुबैलला असतो. बायको आणि मुलगी पूर्वी माझ्याबरोबर होत्या. २०१७ साली सौदीने कुटुंबीयांवर फी सुरू केली आणि ती वाढत वाढत माणशी महिन्याला ४०० रियालपर्यंत गेली. दोन माणसांचे ८०० रियाल दर महिन्याला भरण्यापेक्षा त्या दोघी गावी आईजवळ राहतील, असं ठरलं. तेव्हापासून मी दोन वर्षांनी एकदा घरी जातो. आमच्या कॅम्पातल्या निम्म्या माणसांची हीच गोष्ट आहे.

गणपती त्या वर्षी २७ ऑगस्टला होते. रजेचा अर्ज मी मार्चमध्येच टाकला, कारण केरळवाल्यांचा ओणम जवळपास त्याच दिवसांत येतो आणि खात्यातली सगळी माणसं एकदम सोडत नाहीत. रजा मंजूर झाली की एक्झिट री-एन्ट्री व्हिसा, म्हणजे सौदीतून बाहेर जाऊन परत यायची परवानगी, कंपनीच ऑनलाइन काढते. एका वेळेचा, दोन महिन्यांपर्यंतचा व्हिसा २०० रियालला मिळतो, पुढे प्रत्येक महिन्याला १०० वाढतात. इथे एक सांगून ठेवतो. एचआरवाले बहुतेक वेळा रजा जितकी, तितक्याच मुदतीचा व्हिसा काढतात. दोन महिन्यांच्या आत पैसे तेवढेच लागणार असतील तर थोडी जास्त मुदत मागून घ्या. गावी ऐन वेळी कोणी आजारी पडलं, विमान रद्द झालं, तर त्या जास्तीच्या दिवसांवरच निभावतं. मुदत संपायच्या आत परत पोचलं नाही तर पुढचा घोळ निस्तरणं अवघड असतं.

दुसरी तयारी भारतातल्या सिमची. आता आपल्याकडे काहीही करायचं तर आधी ओटीपी लागतो. बँक, रेल्वे, आधार, गॅसचा नंबर, सगळीकडे. सिम ९० दिवस वापरलं नाही आणि त्यात पैसेही नसले की कंपनी ते बंद करू शकते, मग तोच नंबर दुसऱ्या कोणाला जातो. आमच्याच खोलीतल्या एकाचा असा गेला आणि त्याच्या बँकेचे मेसेज कुठल्यातरी परक्या माणसाला जायला लागले. मी बारीकसा रिचार्ज चालू ठेवतो. आधारला जोडलेला नंबर बदलायचा झाला तर ते काम घरबसल्या उरकेल असं धरून चालू नका. आधार केंद्रावर स्वतः जाऊन बोटं द्यायची तयारी ठेवा. मी गेलो तेव्हा त्याची फी ५० रुपये होती.

मग रेल्वे. हा सगळ्यात छातीत धडकी भरवणारा भाग.

पूर्वी आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं. नोव्हेंबर २०२४पासून ते ६० दिवसांवर आलं. २५ ऑगस्टच्या गाडीचं आरक्षण २६ जूनला सकाळी आठला उघडणार होतं. आठ वाजता म्हणजे आमच्याकडे साडेपाच. मी कामावर जायची बस पकडायच्या आधी फोन घेऊन बसलो होतो, डोंबिवलीत माझा भाचा त्याच्या खात्यावरून बसला होता. कोकणकन्याचं पान उघडलं, नावं आधीच भरून ठेवली होती, तरी पैसे भरेपर्यंत वेटिंग लागलं. वेटिंगचं ई-तिकीट चार्ट लागेपर्यंत पक्कं झालं नाही तर आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात, त्यामुळे ते ठेवून दिलं. तत्काळचा मार्ग होता, पण १ जुलैपासून आधार पडताळणी झालेल्या खात्यावरूनच तत्काळ तिकीट निघतं, आणि १५ जुलैपासून तिथेही ओटीपी आला. भाच्याने त्याचं खातं लगेच आधारला जोडून टाकलं. तुमच्या घरात ज्याच्या खात्यावरून तिकिटं काढणार असाल त्याचं हे काम आधीच करून घ्या, ऐन वेळी नाही जमत.

जुलैमध्ये गणपती स्पेशल गाड्या जाहीर झाल्या. त्यातल्या एकीत आरएसी मिळालं. ‘मिळालं’ म्हणून मी इतका खूश झालो, की कॅन्टीनमधल्या मलयाळी दोस्ताने विचारलं, लॉटरी लागली का? अर्ध्या बाकड्याची, म्हटलं.

हे चालू असताना दुसऱ्या बाजूने वर्गाचं काम सुरू झालं होतं.

आमची दहावी मार्च २०००ची. तेव्हा रत्नागिरी जिल्हा कोल्हापूर मंडळात होता, कोकण मंडळ पुढे झालं. व्हॉट्सॲपवर आमचा एक ग्रुप आधीपासून होता, पण त्यात कोण? मुंबईत असलेले, दहावी पास झालेले, आणि जवळजवळ सगळे मुलगे. त्यात ‘पंचवीस वर्षांचं गेट-टुगेदर’ असा मेसेज पडला की अंगठे आणि फुलं येतात, काम कोणी करत नाही. शेवटी गावात राहणाऱ्या दोघांनी मनावर घेतलं. मी लांब होतो, तरी याद्या करणं आणि फोन करणं माझ्याकडे आलं, कारण शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मला खोलीत दुसरा उद्योग नसतो.

पहिला वाद यादीवरूनच झाला. ‘दहावी २०००’ असं म्हटलं की आठवी-नववीत शाळा सोडलेले आपोआप गळतात. आमच्याकडे ते थोडेथोडके नव्हते. कोणी मुंबईला हॉटेलात कामाला गेला, कोणाला घरच्यांनी बोटीवर लावलं, दोघी-तिघींची लग्नं झाली. ग्रुपमध्ये एकाने लिहिलं, “मग काय बालवाडीपासून बोलवायचं का?” त्यावर आमच्यातल्या एकीने, ती आता गावात आशा सेविका आहे, एवढंच लिहिलं, “शेवटच्या बाकावर कोण बसायचं ते आठवा.” मग आठवीचा पट धरायचं ठरलं.

पट मिळवायला शाळेचं जनरल रजिस्टर बघावं लागतं. शाळा ते असं कोणालाही दाखवत नाही आणि ते बरोबरच आहे, त्यात जन्मतारखा, जाती, सगळं असतं. गावातल्या मित्राने मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज दिला, कारण लिहिलं, खाली पाचजणांच्या सह्या. शालेय समितीची बैठक महिन्यातून एकदा होते, त्यात तो अर्ज वर आला. फोटो काढायला परवानगी नाही, क्लार्कच्या समोर बसून फक्त नावं उतरवून घ्यायची, अशी मुभा मिळाली. त्याच अर्जात आम्ही हॉलही मागितला होता. गणपतीच्या सुट्टीत शाळा बंद असते, त्यामुळे हॉल द्यायला अडचण नव्हती. अटी तीन: स्पीकर लावायचा नाही, पिऊन कोणी आत यायचं नाही, जाताना झाडून द्यायचं. पहिला अर्ज देण्यापासून लेखी परवानगी हातात पडेपर्यंत सहा-सात आठवडे गेले. तुम्ही करणार असाल तर मे महिन्याच्या सुट्टीत अर्ज देऊ नका, जूनमध्ये शाळा उघडल्यावर कोणी बघेल ही आशा. एप्रिलमध्येच द्या.

पटावर ५८ नावं निघाली. दहावीला बसलेले ४१. मधल्या १७ जणांतले चार-पाच मला नाव वाचूनही आठवेनात, हे मला जरा लागलं.

मुलगे शोधायला सोपे. अमक्या वाडीतला तमका, म्हटलं की चार फोनमध्ये नंबर मिळतो. मुली शोधणं कठीण. लग्नानंतर आडनाव बदलतं, बऱ्याच ठिकाणी पाळण्यातलं नावही बदलतं, फेसबुकवर शोधणार काय? माहेरी विचारायला गेलं तर भाऊ विचारतो, नंबर कशाला हवाय? त्याचंही चूक नाही. उद्या माझ्या बहिणीचा नंबर मागायला असा कोणी आला तर मीही दोनदा विचारीन. हे काम आशाताईने अंगावर घेतलं. तिची पद्धत मला फार आवडली. ती कोणाचा नंबर आम्हाला देत नव्हती. आधी त्या बाईला स्वतः फोन करायची, विचारायची, “तुला यायचंय का? ग्रुपात टाकू का, की नुसता निरोप देत जाऊ?” काहींच्या घरी फोन नवऱ्याचा, त्यांना ग्रुप नको होता. त्यांचे निरोप शेवटपर्यंत तिच्यामार्फतच गेले. बॅच कुठलीही असो, हे काम बाईनेच करावं आणि असंच करावं, असं माझं मत झालंय.

तारखेचा वाद त्याहून मोठा. मुंबईकर मुलग्यांना गणपतीतली तारीख हवी होती, कारण सगळे चाकरमानी तेव्हाच येतात. ३० ऑगस्ट, शनिवार, असं ठरत आलं. गणपती बसून चौथा दिवस, दुसऱ्या दिवशी गौरी येणार. बायकांकडून आशाताईने निरोप आणला: “गौरी आणायच्या आदल्या दिवशी सासरच्या घरातून कोण सोडणार आम्हाला? ही तारीख तुमची आहे, आमची नाही.” खरंच होतं ते. आमच्यातल्या कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं, कारण गौरीचं घावन-घाटलं आम्ही फक्त खातो. बराच खल झाला. शेवटी ३० तारखेला ज्यांना जमेल त्यांनी यायचं आणि २ सप्टेंबरला गौरी-गणपती गेल्यावर ३ तारखेला गावातच एक छोटी बैठक माहेरवाशिणींसाठी घ्यायची, असं निघालं.

वर्गणीचंही सांगतो. ग्रुपमध्ये सुरुवातीला हजार रुपये आणि बॅचचं नाव छापलेला टी-शर्ट असा बेत होता. मी आणि आणखी दोघांनी विरोध केला. मोलमजुरी करणाऱ्याला हजार रुपये म्हणजे दोन दिवसांची मजुरी, आणि ते नाहीत म्हणून तो येणार नाही, पण कारण काहीतरी वेगळंच सांगेल. टी-शर्ट रद्द झाला. जेवण गावातल्या बचत गटाला दिलं, १३० रुपये ताट. दाराशी एक पेटी ठेवायची, ज्याने त्याने पाकीट टाकायचं, पाकिटावर नाव लिहायचं नाही आणि कोणी किती दिले ते ग्रुपवर टाकायचं नाही. यावर दोघं रुसले. रुसू देत.

२४ ऑगस्टला मी मुंबईत उतरलो. सोन्याबद्दल सगळे विचारतात म्हणून लिहितो. वर्षाहून जास्त परदेशात राहिलेल्या पुरुषाला तेव्हा २० ग्रॅमपर्यंत दागिने ड्युटी न भरता आणता येत होते, पण त्यांची किंमत ५०,००० रुपयांच्या आत हवी होती. सोनं तोळ्याला लाखाच्या घरात गेल्यावर २० ग्रॅमला काही अर्थ उरला नाही, पाच ग्रॅममध्येच मर्यादा संपत होती. मुलीसाठी कानातलं घेतलं होतं, पावती पाकिटात, कोणी विचारलं नाही. नियम बदलत असतात, निघायच्या आधी बघून घ्या. बाकी खजूर सोडले तर तिकडून काही आणायचे दिवस गेले. टँग आणि बदाम संगमेश्वरच्या बाजारात मिळतात.

एक रात्र ताईकडे डोंबिवलीत. दुसऱ्या दिवशी कुर्ला टर्मिनसला इतकी गर्दी, की फलाटावर बॅग टेकवायला जागा नाही. तेव्हा जुलैपासून चार्ट आठ तास आधी लागायला लागला होता, त्यामुळे आरएसी तसंच राहिलं हे घरी असतानाच कळलं. साइडच्या खालच्या बाकावर मी आणि राजापूरला जाणारे एक काका. रात्रभर पाय आलटून-पालटून पसरले. कोकण रेल्वे बहुतेक ठिकाणी एकेरी, रोहा ते वीर एवढाच पट्टा दुहेरी. त्यात स्पेशल गाडीला कोणी विचारत नाही, प्रत्येक क्रॉसिंगला तीच बाजूला उभी. पाण्याची बाटली, बिस्किटं आणि संयम बरोबर ठेवा. आम्ही तीन तास उशिरा पोचलो. ज्यांना रेल्वे मिळत नाही त्यांनी एसटीच्या जादा गाड्यांचं ग्रुप बुकिंग वाडीतल्यांनी मिळून करावं. स्वतःची गाडी असेल तर गणपतीतल्या टोलमाफीचा पास आरटीओत, वाहतूक शाखेत किंवा पोलिस ठाण्यात मिळतो.

स्टेशनवर बायको आणि मुलगी आल्या होत्या. मुलगी आता दहा वर्षांची आहे. व्हिडिओ कॉलवर ती माझ्याशी भरभरून बोलते, स्टेशनवर मात्र आईच्या मागे उभी. पहिले दोन दिवस ती मला पाहुण्यासारखं पाणी आणून द्यायची. मला हे आधीच्या सुट्टीवरून माहीत होतं, त्यामुळे घाई केली नाही. कॅम्पातल्या नव्या बापांना मी हेच सांगतो: पहिल्या दिवशी मिठ्या मागू नका, दुर्वा काढायला बरोबर न्या. तिसऱ्या दिवशी ती आरतीला झांजा घेऊन माझ्या पुढ्यात बसली आणि ताल चुकल्यावर मलाच ओरडली.

नातेवाईकांचं एक गणित असतं. कोणाकडे आधी गेला, कोणाकडे जेवला, कोणाकडे नुसता चहा घेतला, याची नोंद होते. पूर्वी मी सुट्टीत मोटारसायकल घेऊन नुसता फिरायचो, घरी फक्त झोपायला. गणपतीत हे आपोआप सुटतं. संध्याकाळी वाडीतल्या घराघरांत आरती, मग भजन, एका रात्रीत सात-आठ घरं होतात आणि कोणालाच वाईट वाटत नाही. मामाकडे मात्र मुद्दाम जाऊन राहिलो. आईने एकदाच म्हटलं, “शाळेतल्यांना वेळ आहे, तर माझ्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे पण चल.” त्यासाठी रत्नागिरीला एक अख्खा दिवस गेला. मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं ठरलं, तेव्हा मी नसणार, म्हणून कागद आणि फाइल बायकोला समजावून ठेवली.

३० तारखेला सकाळी पाऊस होता. ५८ पैकी दोघं आता नाहीत, त्यातला एक २०२१च्या कोरोनात गेला. उरलेल्यांपैकी एकतीस आले. मुली फक्त सात. गणिताचे सर आले होते, येतानाच म्हणाले, “शाल देऊ नका रे, कपाटात जागा नाही, आणि भाषण तर अजिबात नको.” आम्ही एकमेकांना ओळखायला कमी-जास्त वेळ घेतला, टक्कल आणि पोटं यांवर व्हायचे ते विनोद झाले. मला जे लक्षात राहिलं ते वेगळं. पहिला अर्धा तास सगळे वाडीप्रमाणे बसले होते, शाळेत बसायचे तसेच. ते कोणी मुद्दाम केलं नव्हतं. जेवायच्या पंगतीत आशाताईने पानं वाढताना सगळ्यांना उठवून इकडे-तिकडे बसवलं, तेव्हा कुठे बोलणी सुरू झाली. काळ्या वाटाण्याची उसळ, वडे, अळूचं फदफदं आणि खीर. नोकरी कुठे, पगार किती, हे विचारायचं नाही असं आधीच ठरलं होतं, तरी मला चौघांनी विचारलंच. मी सौदीत वेल्डिंग तपासतो एवढं सांगून विषय शेतीवर नेला.

३ सप्टेंबरची बैठक जास्त रंगली, असं मला वाटतं. मुंबईकर बरेच निघून गेले होते. जवळपासच्या गावांत दिलेल्या अकराजणी आल्या, दोघी लेकींना घेऊन. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे येणं परवडलं, असं एकीने सांगितलं. मी आणि गावातले दोघं चहा करायला होतो. एकीने आठवीत शाळा सोडली होती, आता तिची मुलगी नर्सिंगला आहे. ती म्हणाली, “माझं नाव अजून त्या वहीत आहे होय?” क्लार्कसमोर बसून नावं उतरवणारा आमचा मित्र तिथेच होता, त्याने पान क्रमांकासकट सांगितलं.

एकजण दोन्ही वेळा आला नाही. माझ्याच बाकावरचा. दहावीला नापास झाल्यावर तो परत बसला नाही, आता एका आंब्याच्या बागेत राखणीला असतो. फोनवर म्हणाला होता, “अरे, मी येऊन काय करू? माझा निकाल अजून राखून ठेवलेला आहे.” विनोद होता, पण दोनदा बोलावूनही तो आला नाही. मग मीच गेलो, मुलीला मागे बसवून. दुपारभर बसलो. शाळेचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. कलमांना मोहोरासाठी कल्टार हे औषध कधी घालतात, माकडांनी किती नुकसान केलं, हे त्याने सगळं सांगितलं. आता तो आमच्या ग्रुपमध्ये नाही, पण मला दर आठवड्याला फोन करतो.

हिशेब असा: पेटीत जमले त्यातून जेवण, चहा, हॉल झाडून घेणाऱ्या मावशींचे पैसे गेले. सहा हजार आणि काही शे उरले. शाळेला पंखा द्यावा असं काहींचं म्हणणं होतं. बायकांनी सांगितलं, पंखा नंतर द्या, आधी मे महिन्यात आम्ही माहेरी येतो तेव्हा परत जमू, ते पैसे त्याला ठेवा. पैसे आशाताईकडे आहेत आणि तारीख या वेळी बायकाच ठरवणार आहेत. मी २० सप्टेंबरला परत निघालो, तोपर्यंत परतीच्या गाड्या रिकाम्या होत्या, खिडकी मिळाली. शाळेत हॉलसाठी पुढचा अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात द्यायचा आहे. मसुदा मी लिहून ठेवलाय, २००१वाल्यांना हवा असेल तर त्यांनी मागून घ्यावा.